डीएमएसओमधले स्टॉक, सरकणारं आयसी५० आणि पेशी गोठवणं

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रयोगशाळेत नव्या संयुगांची पेशींवर चाचणी चालते. प्रत्येक संयुगाचा १० मिलिमोलरचा स्टॉक, म्हणजे साठ्याचं तीव्र द्रावण, डीएमएसओ या द्रावकात करून उणे २० अंशांवर ठेवतात. एका संयुगाचं आयसी५०, म्हणजे निम्मा परिणाम घडवणारी तीव्रता, सुरुवातीला २ मायक्रोमोलर आलं होतं. काही महिन्यांनी त्याच स्टॉकमधून, त्याच सेल लाइनवर (प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या पेशींवर) ते ७-८ मायक्रोमोलर येऊ लागलं. स्टॉक खराब झाला का? वेलमध्ये, म्हणजे चाचणीच्या प्लेटमधल्या खळग्यात, डीएमएसओ किती टक्क्यांपर्यंत चालतं? आणि त्याच बाटलीतलं डीएमएसओ पेशी गोठवायला वापरलं तर चालेल का?

आयसी५० खाली-वर न होता एकसारखं वरच सरकत असेल, तर माझा पहिला संशय पाण्यावर जातो. संयुगाचं विघटन हा दुसरा संशय, पेशी बदलल्या असतील हा तिसरा. तिसरा आधी निकालात काढा, कारण ते सर्वांत सोपं आहे. ज्याचं आयसी५० तुम्हाला पक्कं ठाऊक आहे असं एखादं औषध ताज्या स्टॉकमधून त्याच प्लेटवर लावा. त्याचा आकडा जागच्या जागी आला, तर पेशींना दोष देण्यात अर्थ नाही.

आता पाण्याचं. डीएमएसओ म्हणजे डायमिथाइल सल्फॉक्साइड. रेणू लहानसा, रेणुभार ७८. मध्ये गंधक, त्याला एक ऑक्सिजन आणि दोन मिथाइल गट. या ऑक्सिजनमुळे ते ध्रुवीय पदार्थ विरघळवतं आणि मिथाइल गटांमुळे तेलकट रेणूंनाही सामावून घेतं. औषध शोधणाऱ्या प्रयोगशाळा त्याच्यावर इतक्या विसंबून असतात, त्याचं कारण हेच. पण तोच ऑक्सिजन पाण्याच्या रेणूला जो हायड्रोजन बंध देतो, तो पाण्याच्या दोन रेणूंमधल्या बंधापेक्षाही घट्ट असतो. त्यामुळे उघडी बाटली हवेतली ओल सतत ओढत राहते. फ्रीजरमधून काढलेली थंडगार व्हायल लगेच उघडली तर ओलीची वाटही बघावी लागत नाही, झाकणाच्या आतल्या बाजूला दव धरतं आणि सरळ स्टॉकमध्ये उतरतं.

याची एक घरगुती म्हणावी अशी चाचणी आहे, उपकरण लागत नाही. शुद्ध डीएमएसओ १८.५ अंश सेल्सिअसला गोठतं. १० मिलिमोलर संयुगाने हा बिंदू अंशाच्या काही शतांशांनीच उतरतो, म्हणजे तो हिशेबात धरायचं कारण नाही. तेव्हा तुमचा स्टॉक ४ अंशांच्या फ्रिजमध्ये रात्रभर ठेवून सकाळी पाहा. घट्ट गोठलेला असेल तर बरं. पातळ असेल तर टिचकी मारा, कारण डीएमएसओ कधीकधी गोठणबिंदूच्या खाली जाऊनही पातळच राहतं आणि हलवलं की एकदम गोठतं. टिचकीनंतरही पातळच राहिला, तर त्यात काही टक्के पाणी शिरलेलं आहे असं समजा.

काही टक्के पाण्याने एवढं काय बिघडतं? बरंच. औषधासारख्या बहुतेक रेणूंची विद्राव्यता डीएमएसओमध्ये पाणी मिसळलं की झपाट्याने घसरते. त्यात गोठवण्याची भर. असा ओला स्टॉक गोठू लागला की आधी डीएमएसओचे स्फटिक वेगळे होतात, उरलेल्या द्रवात पाण्याचं प्रमाण वाढत जातं आणि तुमचं संयुग त्या पाणचट द्रवात कोंडलं जातं. तिथे ते बाहेर पडतं. बाहेर पडताना पुष्कळदा स्थिर, घट्ट स्फटिकाच्या रूपात पडतं, आणि ते स्टॉक वितळल्यावर सहजी परत विरघळत नाही. दर फ्रीज-थॉला, म्हणजे गोठवून वितळवण्याच्या दर फेरीला, हेच थोडं थोडं होत जातं. तुम्ही पिपेटने वरचा स्वच्छ द्रव उचलता, वहीत १० मिलिमोलर लिहिता, आणि प्रत्यक्षात तिथे ३ मिलिमोलर असतं. मग २ चं ७ होणार यात नवल नाही.

इथे एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण हुशार माणसंही इथे अडकतात. शंका आली की स्टॉकचा नमुना एलसीएमएसला (द्रावणातले रेणू वेगळे करून ओळखणाऱ्या उपकरणाला) पाठवला जातो आणि अहवाल येतो: शुद्धता ९८ टक्के. सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. पण शुद्धता म्हणजे जे विरघळलेलं आहे त्यात परकं किती, एवढंच. तळाशी बसलेले स्फटिक त्या मोजणीत आलेलेच नसतात. म्हणून शुद्धतेचा टक्का बघून थांबू नका. त्याच संयुगाचं ताजं, वजन करून बनवलेलं द्रावण शेजारी चालवा आणि दोन्हींच्या पीकचं (आलेखातल्या शिखराचं) क्षेत्रफळ ताडून पाहा. क्षेत्रफळ कमी आणि नवं पीक कुठेच नाही, तर संयुग तळाशी गेलंय. क्षेत्रफळ कमी आणि नवी पीकही दिसताहेत, तर विघटन.

उपकरणाची वेळ मिळत नसेल तर व्हायल पूर्ण वितळू द्या, उजेडासमोर धरा, थोडा वेळ सेंट्रिफ्यूज करा आणि तळ बघा. दिसो वा न दिसो, नंतर ३७ अंशांना ठेवून सोनिकेटरच्या पाण्यात काही मिनिटं धरा, नीट ढवळा, आणि पुन्हा चाचणी लावा. आयसी५० पूर्वीच्या जागी आलं तर निदान झालं.

उपाय कंटाळवाणा आहे पण अचूक आहे. डीएमएसओ निर्जल प्रतीचं, लहान बाटल्यांत, आण्विक चाळणीच्या, म्हणजे पाणी शोषून घेणाऱ्या, मण्यांवर ठेवलेलं घ्यावं. स्टॉक केल्या दिवशीच त्याचे २०-३० मायक्रोलिटरचे भाग पॉलिप्रोपिलीनच्या लहान ट्यूबमध्ये करावेत, एक ट्यूब एका प्रयोगाला, उरलं ते टाकून द्यावं. ट्यूब खोलीच्या तापमानाला पूर्ण येईपर्यंत झाकणाला हात लावू नये. हे शेवटचं एकच पथ्य पाळलं तरी निम्म्या तक्रारी मिटतात असा माझा अनुभव आहे.

आता वेलमधल्या टक्क्यांकडे. लोक ०.१ टक्के ऐकतात आणि ते नगण्य समजतात. जरा हिशेब करा. डीएमएसओची घनता १.१, म्हणजे ०.१ टक्के द्रावणात लिटरमागे १.१ ग्रॅम. त्याला ७८ ने भागा: १४ मिलिमोलर. तुमचं संयुग त्याच वेलमध्ये १० मायक्रोमोलर आहे. म्हणजे संयुगाच्या एका रेणूमागे डीएमएसओचे १४०० रेणू. ०.५ टक्क्याला ७० मिलिमोलर. हा आकडा एकदा मनात बसला की डीएमएसओला नुसतं द्रावक म्हणून सोडून देता येत नाही; त्या वेलमध्ये दोन रसायनं आहेत आणि दोन्हींचा हिशेब द्यायचा आहे.

माझा नियम असा: पेशींवरच्या चाचणीत ०.१ टक्के धरून चालायचं, विद्राव्यतेने अगदीच अडवलं तर ०.५ पर्यंत जायचं, आणि त्याच्या पुढे जायचं असेल तर आधी पुरावा दाखवायचा. पुरावा म्हणजे तुमच्याच पेशींवर, तुमच्याच मिडियममध्ये (पेशी वाढवायच्या द्रवात), प्रयोग जितके तास चालतो तितकेच तास, नुसत्या डीएमएसओचा ०.०५ पासून २ टक्क्यांपर्यंतचा आलेख. एका प्रयोगशाळेची मर्यादा दुसरीला लागू पडेलच असं नाही. पक्क्या रुळलेल्या कर्करोगाच्या सेल लाइन बरंच सोसतात. प्राथमिक पेशी, चेतापेशी, मूलपेशी सोसत नाहीत. पेशी नसलेल्या, निव्वळ एन्झाइमच्या चाचणीत १ टक्का सर्रास चालतो, पण तिथेही एन्झाइम कोणतं ते बघावं लागतं. एसिटिलकोलिनेस्टरेजला डीएमएसओ स्वतःच अडवतं.

व्हेइकल कंट्रोल, म्हणजे संयुगाशिवाय नुसतं डीएमएसओ दिलेला वेल, आहे म्हणून आपण सुरक्षित, हा समज मात्र मला सर्वांत जास्त खटकतो. डायल्यूशन, म्हणजे पातळ करणं, कसं केलं यावर सगळं अवलंबून असतं. समजा वरच्या मात्रेला स्टॉक मिडियममध्ये शंभरपट पातळ केला आणि तिथून पुढे मिडियममध्येच दहा-दहा पटीने उतरत गेलात. वरच्या वेलमध्ये १ टक्का डीएमएसओ, पुढच्यात ०.१, मग ०.०१. व्हेइकल कंट्रोल मात्र एकच, बहुधा ०.१ चा. वरच्या मात्रेला पेशी मेल्या त्या संयुगाने की १ टक्का डीएमएसओने, हे त्या आलेखातून कधीच कळणार नाही. डायल्यूशनची मालिका शुद्ध डीएमएसओमध्येच करा आणि प्रत्येक पायरीतून सारखंच आकारमान मिडियममध्ये घ्या. म्हणजे पहिल्या वेलपासून शेवटच्या वेलपर्यंत टक्का एकच राहतो आणि व्हेइकल कंट्रोलला अर्थ येतो.

आणखी एक बारकावा. डीएमएसओ पाण्यापेक्षा जड असतं. हजारपट तीव्र थेंब थेट वेलमध्ये सोडला तर तो तळाला जातो, आणि चिकटून वाढणाऱ्या पेशी नेमक्या तळालाच असतात. मिसळेपर्यंतच्या त्या क्षणांत त्या जागच्या पेशींना भलतीच मात्रा बसते. म्हणून मधली एक प्लेट ठेवा. तिथे मिडियममध्ये अंतिमच्या दुप्पट किंवा चौपट तीव्रतेपर्यंत आणा, नीट ढवळा, मग पेशींवर घाला. ही मधली प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली बघायला विसरू नका. डीएमएसओमध्ये गुण्यागोविंदाने राहणारं संयुग पाणी लागताच सुया होऊन बाहेर पडलेलं तिथे दिसतं. मात्रा वाढवूनही परिणाम एका जागी अडकला आहे, आलेख वर सपाट झाला आहे, असं दिसलं की लोक जैविक कारणं शोधू लागतात. मी आधी सुया शोधतो.

डीएमएसओ जीवशास्त्रात किती ढवळाढवळ करू शकतं, याचा सर्वांत सुंदर दाखला औषधांच्याच इतिहासात आहे. १९७१ साली शार्लट फ्रेंड यांनी दाखवलं की उंदराच्या रक्तकर्करोगाच्या पेशींना डीएमएसओ दिलं की त्या हिमोग्लोबिन बनवू लागतात, लाल पेशींच्या वाटेने प्रौढ होतात. एक द्रावक कर्करोगाच्या पेशीला वळण लावतं, ही गोष्ट रोनाल्ड ब्रेस्लो आणि पॉल मार्क्स यांना स्वस्थ बसू देईना. हेच काम कमी मात्रेत करणारे रेणू ते बनवत गेले. आधी हेक्झामिथिलीन बिसअॅसिटमाइड आलं, मग त्यातून हायड्रॉक्सॅमिक आम्लाचा गट असलेला एक रेणू. तो हिस्टोन डीअॅसिटिलेज एन्झाइमांना (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवरचे अॅसिटिल गट काढणाऱ्यांना) अडवतो असं पुढे कळलं. २००६ साली अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने त्याला त्वचेतल्या टी-पेशींच्या लिम्फोमासाठी मान्यता दिली; ते औषध म्हणजे व्होरिनोस्टॅट. आजही एचएल-६० या रक्तकर्करोगाच्या पेशींना सव्वा टक्क्याच्या आसपास डीएमएसओ देऊन न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींसारखं बनवतात. ज्या रसायनाने पेशीचा स्वभाव बदलतो, त्याचं प्रमाण एका वेलमध्ये एक आणि शेजारच्या वेलमध्ये दुसरं, हे मला मान्य होत नाही. शिवाय डीएमएसओ हायड्रॉक्सिल मूलकांना टिपून घेतं, तेव्हा ऑक्सिडेटिव्ह ताणाचे प्रयोग करणाऱ्यांनी तर डबल सावध राहावं.

काही संयुगं डीएमएसओमध्ये मुळी विरघळवायचीच नसतात. यात पहिलं नाव सिसप्लॅटिनचं. डीएमएसओचं गंधक प्लॅटिनमला जाऊन चिकटतं आणि क्लोराइडला हटवतं. जे उरतं ते सिसप्लॅटिन नव्हे, आणि त्याचा पेशींवरचा मारा फार कमी होतो. कार्बोप्लॅटिन आणि इतर प्लॅटिनम संयुगांचीही हीच कथा. २०१४ मध्ये कॅन्सर रिसर्च या नियतकालिकात हे सविस्तर मांडलं गेलं, आणि त्याआधीच्या कितीतरी प्रयोगांत सिसप्लॅटिन डीएमएसओमध्येच विरघळवलेलं होतं. सिसप्लॅटिनसाठी ०.९ टक्के सोडियम क्लोराइडचं द्रावण घ्या; त्यातला क्लोराइड रेणूला टिकवून धरतो. तुमच्या संयुगांत धातूची संकुलं असतील तर हा परिच्छेद पुन्हा वाचा.

गोठवण्याबद्दल. जेम्स लव्हलॉक आणि बिशप यांनी १९५९ साली दाखवलं की डीएमएसओ पेशींना गोठण्यातल्या इजेपासून वाचवतं. त्याआधी दहा वर्षं ग्लिसरॉलचा हा गुण कळला होता, पण ग्लिसरॉल पेशीत सावकाश शिरतं, डीएमएसओ झटकन शिरतं. पेशी मरतात ती नुसत्या थंडीने मरत नाहीत. बाहेर बर्फ धरला की उरलेल्या पाण्यात क्षार दाटतात, पेशी आकसते. फार वेगाने थंड केलं तर आतच बर्फाच्या कण्या होतात. डीएमएसओ आत-बाहेर दोन्हीकडे असलं की कोणत्याही तापमानाला बर्फ कमी बनतो आणि क्षार इतके दाटत नाहीत.

प्रमाण सहसा १० टक्के. मिनिटाला १ अंश या वेगाने उणे ८० पर्यंत न्यायचं, आणि तिथून द्रव नायट्रोजनमध्ये. वितळवताना उलट: ३७ अंशांच्या पाण्यात भराभर, आणि लगेच मिडियम थेंबाथेंबाने घालून डीएमएसओ पातळ करायचं. एकदम मिडियम ओतलं तर पाणी पेशीत घुसतं आणि ती फुगून फुटते. डीएमएसओ पाण्यात मिसळताना उष्णता निघते हेही ध्यानात ठेवा. ते पेशींवर थेट टाकू नये. आधी मिडियममध्ये मिसळावं, थंड होऊ द्यावं, मग पेशी त्यात घ्याव्यात. आणि एकदा मिसळल्यावर रेंगाळू नये. ३७ अंशांना १० टक्के डीएमएसओ पेशींना सोसत नाही, थंडीत बरंच सोसतं.

बाटली एकच वापरावी का, याचं उत्तर ‘नाही’ असं आहे. गोठवण्यासाठी निर्जंतुक, पेशींसाठी तपासलेल्या प्रतीचं, वेगळं ठेवा. ज्या बाटलीत दिवसभर संयुगांसाठी पिपेट जातं, ती वर्षानुवर्षं जपायच्या पेशींसाठी घेऊ नये. गाळायचंच झालं तर पीटीएफई किंवा नायलॉनचा फिल्टर घ्या. सेल्युलोज अॅसिटेट आणि नायट्रेटचे पडदे डीएमएसओमध्ये विरघळतात आणि ते सगळं तुमच्या व्हायलमध्ये येतं. पॉलिकार्बोनेटपासूनही दूर राहा.

रुग्णाला द्यायच्या पेशींमध्येही हेच रसायन असतं. टिसाजेनलेक्ल्युसेल या कार-टी उपचाराच्या (रुग्णाच्याच टी-पेशी बदलून परत देण्याच्या) पिशवीत ते ७.५ टक्के असतं. मूलपेशी प्रत्यारोपणात रुग्णाला मळमळ होते, कधी रक्तदाब उतरतो, आणि श्वासाला लसणासारखा वास येतो. शरीर डीएमएसओचा काही भाग डायमिथाइल सल्फाइडमध्ये बदलतं, त्याचा हा वास. म्हणून दिवसाला शरीराच्या वजनाच्या किलोमागे १ ग्रॅम ही मर्यादा सर्वसाधारणपणे पाळली जाते. तयार औषधात उरलेलं द्रावक म्हणून मात्र डीएमएसओ कमी धोक्याच्या तिसऱ्या वर्गात येतं, आयसीएच या औषधांचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या संस्थेच्या नियमानुसार दिवसाला ५० मिलिग्रॅमपर्यंत.

त्याच बाटलीतून कोणी पीसीआरसाठी (डीएनएच्या प्रती वाढवण्यासाठी) घेत असेल तर एवढंच: जीसी, म्हणजे ग्वानिन-सायटोसिन, जास्त असलेल्या डीएनएसाठी ३ ते ५ टक्के उपयोगी पडतं, प्रायमर जुळण्याचं तापमान दर टक्क्याला साधारण अर्धा अंश खाली घ्यावं लागतं, आणि १० टक्क्यांना प्रती करणाऱ्या टॅक पॉलिमरेज एन्झाइमचं काम निम्म्यावर येतं.

हातमोज्यांबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. शुद्ध डीएमएसओ हातावर सांडलं तर फारसं बिघडत नाही, पण स्टॉक सांडला तर गोष्ट वेगळी. ते त्वचेतून आत जातं आणि त्यात जे विरघळलेलं आहे त्यालाही आत नेतं. तुमच्या स्टॉकमध्ये असं संयुग आहे ज्याची माणसावर कधीच चाचणी झालेली नाही. पातळ नायट्राइल मोजे डीएमएसओला फार वेळ अडवत नाहीत. थेंब पडला की त्याच क्षणी मोजे बदला, काम संपेपर्यंत थांबू नका. हाच त्वचेतून शिरण्याचा गुण पाहून १९६० च्या दशकात ओरेगॉनच्या स्टॅन्ली जेकब यांनी डीएमएसओला औषध म्हणून पुढे आणलं होतं. प्राण्यांच्या डोळ्यांच्या भिंगात बदल दिसल्यावर १९६५ मध्ये एफडीएने माणसांवरच्या चाचण्या थांबवल्या. १९७८ मध्ये ५० टक्के द्रावणाला मूत्राशयाच्या एका दाहासाठी, इंटरस्टिशियल सिस्टायटिससाठी, मान्यता मिळाली. औद्योगिक प्रतीचं डीएमएसओ सांधेदुखीवर चोळणारे लोक आजही भेटतात. त्या बाटलीतली अशुद्ध द्रव्यंही त्वचेतून आत जातात, हे त्यांना सांगा.

रासायनिक विभागात कोणी टाकाऊ द्रावकं एकत्र करत असेल, तर अॅसिटाइल क्लोराइडसारखी आम्ल क्लोराइडं डीएमएसओच्या कॅनमध्ये जाता कामा नयेत. ती स्फोटक जोराने प्रतिक्रिया देतात.

आता तुमच्या हातातल्या आकड्यांचं काय करायचं? संयुगाची पूड शिल्लक असेल तर आजच नवा स्टॉक करा आणि जुना व नवा एकाच प्लेटवर, एकाच व्हेइकल टक्क्याला, शेजारी-शेजारी चालवा. नव्याचं आयसी५० पुन्हा २ च्या आसपास आलं तर ७-८ चे सगळे आकडे बाजूला काढा, आणि त्याच काळात त्याच फ्रीजरमधून काढलेल्या इतर संयुगांचेही संशयित धरा. विशेषतः जी संयुगं निष्क्रिय म्हणून सोडून दिलीत ती. तळाशी बसलेलं संयुग चाचणीत निष्क्रियच दिसतं. पुढच्या प्रत्येक नोंदीत तीव्रतेशेजारी तीन गोष्टी लिहा: डीएमएसओचा अंतिम टक्का, स्टॉक बनवल्याची तारीख, आणि ती ट्यूब आतापर्यंत कितीदा वितळली.